तेलाचा डबा आणि धन्याची जबाबदारी

यंत्रानें शेतीचें काम हलकें केलें ही गोष्ट निर्विवाद आहे. नांगरटीस ट्रॅक्टर, विहिरीवर इंजिन, फवारणीस पाठीवरचें पेट्रोलचें यंत्र आणि बाजारहाटास मोटारसायकल, एवढा सरंजाम आज मध्यम स्थितींतल्या शेतकऱ्याच्या दारींही दिसतो. परंतु ज्या तेलावर हीं यंत्रें चालतात तें आणावें कसें, ठेवावें कोठें आणि ओतावें कोणीं, या प्रश्नांचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बीं पेरतांना आपण दाण्यादाण्याकडे पाहतों. औषध मारतांना प्रमाण मोजतों. पण पेट्रोल-डिझेलचें काम मात्र घरांतील ज्याचे हात मोकळे असतील त्याच्यावर टाकून आपण निर्धास्त होतों. यास्तव या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें मत असें आहे कीं, तेल सांडणें आणि तेल पेटणें यांचा दोष बहुधा दैवाकडे जात नाहीं, आणि पंपावरील नोकराकडेही जात नाहीं. पंपाच्या नळीपासून यंत्राच्या टाकीपर्यंत तेलाचा जो प्रवास होतो त्यांत तें अयोग्य भांड्यांत असतें आणि ज्यास कोणीं कांहींच समजावून सांगितलेलें नाहीं अशा माणसाच्या हातीं असतें. खरें कारण तेथें आहे. हा प्रवास धन्याच्या सांगण्यावरून होतो. म्हणून त्याची जबाबदारीही धन्याचीच होय.

हें काम प्रत्यक्षांत कोण करतो तें पाहा. पेरणीच्या गर्दींत ट्रॅक्टरचें डिझेल संपतें. मालक स्वतः शेतांत अडकलेला असतो. मग सालगड्यास किंवा शाळेंतून परतलेल्या मुलास हांक मारून मोटारसायकलीवर धाडलें जातें. कॅन कसला, तर पूर्वीं औषधाचा किंवा खाद्यतेलाचा असलेला, झांकण हरवलेलें म्हणून तोंडांत चिंधी कोंबलेला. असा कॅन दोन मांड्यांमध्यें धरून, खड्ड्यांतून गाडी उडवीत तो परत येतो. येईपर्यंत धोतर किंवा पॅन्ट तेलानें भिजलेली असते. त्याच कपड्यांनिशीं तो विडी शिलगावतो, अथवा चुलीपाशीं भाकरीस बसतो. दुर्दैवानें कांहीं घडलें तर अंग त्याचें भाजतें, आणि आपण म्हणतों, "गडी निष्काळजी होता."

तालुक्याच्या कचेरींत कारकुनी करीत असतां जळिताचे पुष्कळ पंचनामे आमच्या हातांखालून गेले. नुकसानीच्या रकान्यांत कडबा, झोपडी, अवजारें, जनावरें यांची किंमत पैन्‌पै मांडलेली असे. कारणाच्या रकान्यांत मात्र "आगीचें कारण समजूं शकलें नाहीं" हें एकच वाक्य पुनःपुन्हां वाचावयास मिळे. ज्या गोष्टीचें कारण कागदावर येत नाहीं तिचा बंदोबस्तही कोणी करीत नाहीं. म्हणून कारणें नीट समजून घेणें हें पहिलें काम.

पेट्रोल हें द्रवरूपानें जळत नसून त्याची वाफ जळते. ही वाफ शून्याखालीं सुमारें चाळीस अंश इतक्या थंडींतही पेट घेण्याजोगी निघत असते. मग आपल्या हवेंत ती सदैव निघत राहते हें सांगावयास नको. ती हवेच्या तिपटीहून अधिक जड असल्यामुळें वर उडून न जातां जमिनीलगत सरपटत जाते. खळगा, गटार, इंजिनाचा खड्डा, अशा सखल जागीं सांचते. दहा-पंधरा पावलांवर चूल किंवा पेटती विडी असली तरी तेथपर्यंत ती पोहोंचूं शकते, आणि पेटली म्हणजे ज्वाला त्याच वाटेनें उलट डब्याकडे येते. "आम्हीं विस्तव जवळ नेलाच नव्हता" असें सांगणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. वाफच विस्तवाकडे गेलेली असते.

डिझेलविषयीं तर याहून मोठा गैरसमज आहे. डिझेलमध्यें जळती काडी टाकली तरी ती विझते, अशी फुशारकी पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येते. ज्या उष्णतामानास तेलाची वाफ ठिणगीनें पेट घेऊं लागते त्यास ज्वलनबिंदु म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणें मोटारींच्या डिझेलचा ज्वलनबिंदु किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. म्हणजे ३५ अंशांच्या खालीं तें बरेंचसें निर्धोक राहील एवढीच ती हमी आहे. आतां जळगांव, नागपूर, चंद्रपूर या बाजूस वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; आणि उन्हांत ठेवलेला पत्र्याचा ड्रम त्याहूनही तापतो. थंडीच्या सकाळीं काडी विझविणारें तेंच डिझेल उन्हाळ्याच्या दुपारीं काडीनें पेटूं शकतें. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलें डिझेल कोणत्याही ऋतूंत भडकण्याचा धोका आहेच. काल विझलें म्हणून आज विझेलच, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं.

आतां कायदा काय सांगतो तें पाहूं. सन १९३४ चा पेट्रोलियम कायदा आजही लागू आहे. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल परवान्यावांचून फार तर ३० लिटर बाळगतां येतें. आणि तेंही घट्ट बुचाच्या कांचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यांत. कांचेचें वा चिनीमातीचें भांडें १ लिटरपेक्षां आणि धातूचें २५ लिटरपेक्षां मोठें असतां कामा नये. त्या यादींत प्लास्टिकचें नांव नाहीं. डिझेलसारख्या ब वर्गाच्या तेलाचा साठा सातव्या कलमान्वयें एका ठिकाणीं २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय करतां येतो. मात्र कोणतेंही एक भांडें १,००० लिटरपेक्षां मोठें नको. या सर्व कारभारावर देखरेख करणारी जी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, तिचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरासच आहे. सातबाऱ्यावरील एका अक्षरासाठीं आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतों. ज्या कायद्यावर आपल्या मुलाबाळांचा जीव अवलंबून आहे त्याची दोन कलमें माहीत करून घेणें जड जाऊं नये.

कायद्यानें धातूचें भांडें कां सांगितलें असावें याचें एक कारण ठिणगींत सांपडतें. कोरड्या हवेंत टेरिकॉटचा सदरा अंगांतून काढतांना चट्‌चट् आवाज होतो आणि अंधारांत बारीक ठिणग्या दिसतात, हा अनुभव सर्वांस आहे. तशीच वीज तेल नळींतून वेगानें वाहतांना उत्पन्न होते. धातूचा डबा जमिनीवर टेकलेला असला तर ती जमिनींत निघून जाते; प्लास्टिकमध्यें ती सांचून राहते, आणि वाफेनें भरलेल्या तोंडाशीं तिची ठिणगी उडूं शकते. धातूचा डबाही ट्रॉलींत गोणपाटावर किंवा जीपगाडींतील रबरी चटईवर ठेवून भरला तर त्याचा जमिनीशीं संबंध तुटतो आणि फायदा नाहींसा होतो. यास्तव डबा नेहमीं गाडींतून खालीं उतरवून जमिनीवर ठेवावा, नळीचें टोंक डब्याच्या तोंडास टेकलेलें असावें, आणि तेल आरंभीं सावकाश सोडण्यास सांगावें. तेल भरत असतां पुन्हां गाडींत जाऊन बसूं नये. बसलेंच तर उतरल्यावर नळीस हात लावण्यापूर्वीं गाडीच्या पत्र्यास दूर उभें राहून हात लावावा, म्हणजे अंगांतील वीज तेथें निघून जाते.

पंपावरच्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. इंजिन बंद करावें. विडीकाडी खिशांतच ठेवावी. मोटारसायकलीवरून सर्वांनीं उतरावें, कारण मांडीखालील टाकी पेटली तर बसलेल्या माणसास पळावयास वाव नसतो. मोबाईलवरून पैसे द्यावयाचे असतील तर ते नळी टाकींतून निघाल्यावर, चार पावलें बाजूस होऊन द्यावे. निदान तेल भरत असतां डोळे मोबाईलमध्यें नसावेत. ज्याचें लक्ष दुसरीकडे, त्याच्या हातून तेल सांडावयाचेंच.

सांडण्याचें सर्वांत मोठें कारण म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरण्याचा हव्यास. पंपाच्या नळीच्या टोंकाशीं एक बारीक छिद्र असतें. टाकींतील तेल त्या छिद्रापर्यंत चढलें कीं हवेचा ओघ तुटतो आणि आंतील झडप आपोआप बंद पडते. तोच "खट्" असा आवाज. तो आवाज म्हणजे टाकीचा निरोप समजावा. त्यानंतर "रुपये पुरे करा" म्हणून आणखी तेल घालावयास लावणारा गिऱ्हाईक स्वतःच्या पैशानें जमीन भिजवितो. जमिनींतल्या टाकींतून निघणारें तेल थंड असतें. उन्हांत तें फुगतें. पेट्रोल दर दहा अंशांस सुमारें एक टक्का वाढतें. म्हणजे वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनीं तापलें तर चारशें मिलिलिटरच्या आसपास जागा अधिक मागेल. ती जागा आपण ठेविली नसेल तर तेल झांकणांतून वाट काढील. वीस लिटरच्या डब्यांत एकोणीसच भरावें, हा नियम सोपा आणि पुरेसा आहे.

झांकण घट्ट ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि त्यांत आपल्याच उसाचा व धान्याचा वांटा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें. पावसाचें पाणी आंत गेलें तर दोन्ही मिळून तळाशीं बसतात आणि यंत्र बंद पडतें. घट्ट झांकणानें घर आणि यंत्र दोन्ही वांचतात.

आतां शेतावरील चार चुकांकडे वळूं. कारण पंपावर निदान वाळूच्या बादल्या आणि शिकलेला नोकर असतो, शेतावर कांहींच नसतें.

पहिली चूक, चालू किंवा गरम यंत्रांत तेल ओतणें. फवारणीचें यंत्र पाठीवरच ठेवून दुसऱ्यानें वरून पेट्रोल ओतावयाचें, हा प्रकार कपाशीच्या शिवारांत पाहावयास मिळतो. यापरतें साहस नाहीं. ओघळ सायलेन्सरवर आणि तेथून पाठीवर जातो. यंत्र खालीं उतरवावें, बंद करून दहा-पंधरा मिनिटें निवूं द्यावें, नरसाळ्यानें ओतावें, सांडलेलें पुसावें, झांकण लावावें आणि डबा दूर नेऊन मगच यंत्र सुरू करावें. तेवढ्यांत माणसासही विसावा मिळतो.

दुसरी चूक, नळीनें तोंडानें तेल ओढणें. याचा परिणाम फार थोड्यांस ठाऊक आहे. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल पातळ असल्यामुळें घोट चुकला कीं पोटाऐवजीं श्वासनलिकेंत शिरतें आणि फुप्फुसांस सूज आणतें. त्यांत प्राणही जातो. असें कोणाच्या पोटांत गेलें तर मीठपाणी पाजून ओकारी काढूं नये, कारण वर येतांना तें पुन्हां फुप्फुसांत उतरूं शकतें. सरळ दवाखाना गांठावा. हातानें दाबावयाचा तेल ओढण्याचा पंप बाजारांत स्वस्तांत मिळतो. एक घेऊन ठेवावा. याच कारणास्तव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत तेल ठेवूं नये. तहानलेलें मूल बाटलीचा आकार ओळखतें, आंतील तेल ओळखत नाहीं.

तिसरी चूक, रिकामा ड्रम निरुपद्रवी समजणें. भरलेल्या ड्रमांत वाफेस जागा थोडी असते. रिकाम्यांत वाफ आणि हवा यांचें मिश्रण भरलेलें असतें, आणि तेंच स्फोटास अनुकूल. पाण्याची टाकी किंवा जनावरांचें टोपलें करण्यासाठीं असा ड्रम कापावयास वेल्डिंगवाल्याकडे नेणें म्हणजे त्याच्या हातीं बॉम्ब देणें होय. तेलाचा ड्रम कापूं नये आणि कापावयास सांगूंही नये.

चवथी चूक, सांडलेलें तेल पाण्यानें धुवून काढणें. तेल पाण्यावर तरंगतें. पाणी ओतलें कीं तें पसरतें, आणि पेटलेलें असेल तर आगही पाण्याबरोबर धांवते. सांडलेल्या जागीं कोरडी माती, वाळू किंवा भुसा टाकावा, तो भिजूं द्यावा, आणि मग गोळा करून विस्तवापासून, विहिरीपासून व ओढ्यापासून दूर न्यावा. विहिरीच्या कांठावर इंजिन असेल तर त्याच्या खालीं पत्र्याची परात ठेवावी. डिझेलचा अंश विहिरींत उतरला तर त्याचा वास आणि चव दीर्घकाळ जात नाहीं, आणि तेंच पाणी आपलीं मुलें व जनावरें पितात.

सांडलेल्या तेलाचा मोह हा निराळाच विषय आहे. महामार्गावर टँकर उलटला म्हणजे बादल्या घेऊन धांवणारे लोक आपल्याकडेही आहेत. पाकिस्तानांत बहावलपूर जिल्ह्यांत २५ जून २०१७ रोजीं असाच पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासच्या खेड्यांतील लोक भांडीं घेऊन जमले. आग भडकली आणि दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. तीं आपल्यासारखींच शेतीवर राबणारीं, गांवखेड्यांतलीं माणसें होतीं. ज्या गांवाजवळून मोठा रस्ता जातो त्या गांवच्या वडील मंडळींनीं ही हकीकत तरुणांच्या कानांवर घालून ठेवावी.

एवढें करूनही आग लागलीच तर काय करावें? पंपावर टाकींत नळी असतांना आग लागली तर नळी ओढून काढूं नये. तेल सर्वत्र उडतें. दूर व्हावें आणि नोकरास पुरवठा तोडूं द्यावा. शेतावर लहान आग वाळूनें किंवा पावडरच्या बंबानें दाबावी. माणसाच्या कपड्यांनीं पेट घेतला तर त्यास धांवूं देऊं नये. जमिनीवर आडवें लोळवावें आणि लोकरीची घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें साधें गार पाणी सोडावें. शाई, टूथपेस्ट किंवा तूप चोपडूं नये. मात्र वाळूची बादली तेलाच्या जागेपाशींच हवी. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी व्यवस्था कामाची नाहीं.

यावर आक्षेप घेतले जातील. "आजवर असेंच केलें, कांहीं झालें नाहीं," हा पहिला. आजवर साप चावला नाहीं म्हणून अंधारांत गंजीखालीं हात घालणारा शेतकरी आम्हीं पाहिलेला नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. पत्र्याचा चांगला डबा, नरसाळें, हातपंप आणि वाळूच्या दोन बादल्या यांस जो खर्च येईल तो बैलजोडीच्या एका हंगामाच्या पेंडीपेक्षां अधिक नाहीं. आणि ही वस्तु वर्षानुवर्षें टिकणारी आहे. तिसरा आक्षेप वेळेचा. पावसाळा तोंडावर असतां घाई असते हें खरें. परंतु त्याच घाईंत गडी भाजला तर पेरणी किती दिवस अडते, याचाही हिशेब मांडून पाहावा. आणि पेरणी अडली नाहीं तरी त्याच्या घरची चूल अडते, हा हिशेब कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं.

म्हणून आपल्या संस्थेपुढें आम्हीं तीन सूचना ठेवीत आहों. एक, बीं-खताची मागणी जशी एकत्र नोंदविली जाते तशीच पत्र्याच्या डब्यांची, नरसाळ्यांची व हातपंपांची मागणी सभासदांकडून नोंदवून घ्यावी, म्हणजे माल एकजिनसी आणि स्वस्त मिळेल. दोन, खरिपाच्या आधीं एक दिवस सभासदांनीं आपल्या सालगड्यांस व ट्रॅक्टर चालविणारांस बरोबर घेऊन जमावें, आणि तेल उतरविण्याची, ओतण्याची व आग दाबण्याची रीत त्यांस प्रत्यक्ष करून दाखवावी. नुसतें मालकांनीं ऐकून भागणार नाहीं. तीन, अठरा वर्षांखालील मुलास तेल आणावयास किंवा ओतावयास लावणार नाहीं, असा ठराव सर्वांनीं मिळून करावा. ठराव कागदावर राहतात अशी ओरड आहे. पण हा ठराव पाळावयास सरकारची किंवा पैशाची गरज नाहीं, फक्त हांक मारण्यापूर्वीं क्षणभर थांबण्याची आहे.

गड्यास आपण वर्षाचें धान्य, कपडे आणि पैसा ठरवून देतों. त्याच्या जिवाची काळजी त्या करारांत लिहिलेली नसते. परंतु ती लिहिल्यावांचूनही धन्याकडे येते, असें आपले वाडवडील मानीत आले. त्यांच्या काळीं ती काळजी नांगराच्या फाळाची आणि विहिरीच्या मोटेची होती. आपल्या काळीं ती तेलाच्या डब्याचीही आहे. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.